खालचं वर ऐकू येतं

माझ्या भावजींचं खरं नाव गल्लीत कोणाला ठाऊक नाही. सगळे त्यांना ‘हलू नका’ म्हणतात. पासपोर्टचे फोटो काढण्यात त्यांचा जन्म गेला. स्टुलावर बसलेल्या माणसाची हनुवटी ते आधी वर करायला लावतात, मग खाली, मग मान किंचित डावीकडे, आणि सगळं मनासारखं झालं की इतक्या जरबेने ‘हलू नका’ म्हणतात की समोरचा श्वास घ्यायचा विसरतो. त्यामुळे त्यांच्या फोटोंत आमची अख्खी गल्ली घाबरलेली दिसते. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताई जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्यांच्यावर खेकसण्याचं तिचं काम तेव्हापासून माझ्याकडे आलं. मी दोन गल्ल्या सोडून राहते, म्हणजे खेकसायला सोयीचं पडतं.

त्यांचं घर जुनं आणि अरुंद. पुढे स्टुडिओ, मागे त्यांची खोली नि स्वयंपाकघर, आणि बाजूच्या जिन्याने वर गेलं की एक मोठी खोली, गॅलरीसकट. वर पोस्टातला एक कारकून बायकोबरोबर कितीतरी वर्षं भाड्याने राहिला. निवृत्त होऊन ते दोघं मुलाकडे गेले आणि खोली रिकामी झाली. मग एकदा वारा सुटला म्हणून भावजी वरची खिडकी लावायला गेले आणि उतरताना जिन्यात पडले. सकाळी पडलेला माणूस दुपारपर्यंत तसाच पायरीवर. हाका मारल्या म्हणे, पण ऐकणार कोण? शेवटी फोटो काढायला आलेल्या गिऱ्हाइकाने दुकानात कोणी दिसेना म्हणून आत डोकावलं, तेव्हा कुठे मला निरोप आला.

पाय मोडला नव्हता, नुसता मुरगळला होता. पण माझी भाची, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, तिच्या शहरातून धावत आली आणि तिने निकाल देऊन टाकला.

“वर कोणीतरी राहायला हवं बाबा. मुलांना सुट्ट्या लागल्या की मी येईन. तोपर्यंत खोली लागली तर ठीक, नाहीतर दुकान बंद करायचं आणि माझ्याकडे यायचं.”

“आणि तिथे काय करू?”

“आराम करा.”

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. स्टुलावर बसलेली माणसं त्यांच्याकडे बघतात ना, अगदी तसंच. ‘आराम’ या शब्दाची त्या माणसाला जिन्यापेक्षा जास्त भीती वाटते, हे मला ठाऊक होतं. मी भाचीला म्हटलं, “तू काळजी करू नकोस, खोली आठवड्याभरात लावते.” माझी जीभ नेहमीच डोक्याच्या आधी धावते.

जाहिरात इंटरनेटवर टाकायची, आणि तिथे फोटो लागतात. फोटो म्हटल्यावर भावजींचा चेहरा उजळला. दुसऱ्याच्या हाताला त्यांनी कॅमेऱ्याला शिवू दिलं नाही. मी खोली झाडून दिली आणि बाजारात गेले. परत येऊन बघते तर फोटो तयार. चारही स्वच्छ, सावलीचा डाग नाही, रेघ वाकडी नाही. पहिल्यात पांढरी भिंत. दुसऱ्यात डावीकडची पांढरी भिंत. तिसऱ्यात उजवीकडची. चौथ्यातही भिंतच होती, फक्त तिच्यावर दिव्याचं बटण होतं.

“छान आलेत,” मी म्हटलं. खरंच मला छान वाटले. आमच्या घरात फोटो म्हणजे तसाच असतो.

खाली मजकूर त्यांनीच लिहिला. ‘खोली भाड्याने देणे आहे. स्वच्छ आहे. कोणतीही तक्रार नाही.’ मी म्हटलं, हे पोलिसांनी दिलेल्या दाखल्यासारखं वाटतं. ते म्हणाले, मग चांगलंच आहे.

फोन आला नाही. एकही नाही. मला वाटलं माझा फोनच बिघडला, म्हणून मी शेजारणीला फोन करायला लावला, तर तो ठणठणीत वाजला. मग कळलं की भावजींनी आपला नंबर दिलाय, आणि स्टुलावर माणूस असताना जगबुडी झाली तरी ते फोन उचलत नाहीत. मी डोक्याला हात लावला आणि माझा नंबर टाकला. तरी फोन नाही.

मग सल्ले सुरू झाले. जागा लावून देणारा एक एजंट कोपऱ्यावर बसतो. तो म्हणाला, भाडं वाढवा, स्वस्त दिसलं की लोकांना वाटतं काहीतरी गोम आहे. समोरचा न्हावी म्हणाला, भाडं उतरवा, लोक आधी आकडा बघतात आणि मग खोली. भाचीने फोनवर सांगितलं की खोलीत सोफा ठेवून फोटो काढा. एजंटला विचारलं तर तो म्हणाला, सोफा काढा, खोली लहान दिसते. सोफा नव्हताच, तरी भावजींनी आणि मी त्यावर अर्धा दिवस वाद घातला. मी सकाळी भाडं उतरवायची, संध्याकाळी चढवायची. जाहिरात बघणाऱ्यांना काय वाटत असेल ते देव जाणे, मला स्वतःलाच कळेना की आपण खोली देतोय की लिलाव करतोय. भावजी रोज विचारायचे, “काय गं धाकटे, काय चुकतंय?” आणि मी त्यांच्यावर उखडायची, कारण मलाही माहीत नव्हतं.

दाराला लावलेली पाटी वाचून एक तरुण जोडपं आलं, कडेवर तान्हं बाळ. मी त्यांना वर नेलं. मुलीने सरळ जाऊन खिडकी उघडली. खोलीभर ऊन आलं, बाहेर मोठं झाड, झाडामागे शाळेचं मैदान.

“अय्या, खिडकी आहे!” ती म्हणाली. “आम्ही जाहिरात पाहिली होती. आम्हाला वाटलं माल ठेवायची जागा असेल.”

मी खाली येऊन भावजींना विचारलं, “खिडकी कुठाय फोटोत?”

“मी ती बंद करून तिच्यावर पांढरा पडदा लावला होता.”

“का?”

“मागून उजेड आला की चेहरा काळा पडतो.”

“चेहरा कोणाचा, भावजी? खोलीचा?”

ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. जन्मभर माणसाच्या मागचं सगळं झाकून टाकायचं, एवढंच त्यांना येत होतं. आणि मी तरी कुठली शहाणी लागून गेले होते, चार भिंती बघून ‘छान आलेत’ म्हणणारी!

एवढ्यात त्यांना शिंक आली. वर बाळ दचकून रडायला लागलं. जोडपं खाली आलं ते चेहरा पाडूनच. वरच्या खोलीची जमीन जुन्या लाकडी फळ्यांची आहे. खाली कोणी शिंकलं, खोकलं, भांडं आपटलं, सगळं वर जातं, आणि वर चमचा पडला तरी खाली कळतं. कारकुनाच्या बायकोने कधी तक्रार केली नव्हती, म्हणून आमच्या ते लक्षातच नव्हतं. बाळाची झोप मोडेल म्हणून ते दोघं गेले.

फोटो पुन्हा काढले. खिडकी उघडी ठेवायला भावजींच्या जिवावर आलं होतं. पण मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, “काढा.” उजेड बेताचा कधी येतो ते बघून त्यांनी शेवटी असा फोटो काढला की मलाच तिथे राहायला जावंसं वाटलं. झाड, गॅलरी, फळ्यांवर पडलेलं ऊन, जिन्याचा कठडा, बाथरूमचा नळसुद्धा. जाहिरात टाकली आणि माझा फोन थांबेना. स्वयंपाक करताना फोन, आंघोळीला गेले तरी फोन. लोक यायचे, खिडकीपाशी उभे राहून खूश व्हायचे. मग खाली भावजी कोणाला तरी ‘हनुवटी वर’ म्हणायचे आणि वर उभा असलेला माणूस हनुवटी वर करायचा. मग विचारायचा, “हे कोण बोललं?” आणि निघून जायचा.

“कोणी आलं की खाली गप्प बसा,” मी भावजींना बजावलं. भाचीनेही फोनवरून तेच सांगितलं. एजंट म्हणाला, “आवाजाचं बोलायचंच नाही. एकदा सामान आलं की माणूस सवय करून घेतो.” सुट्ट्या जवळ येत होत्या. मला ते पटलं.

मग एक शिक्षक आले. एकटेच, सभ्य, मितभाषी. असा भाडेकरू दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. खाली भावजी स्वतःच्याच स्टुलावर ताठ बसले होते. शिंक आली तर नाक दाबायचं, असं मी शिकवून ठेवलं होतं. शिक्षकांनी खोली पाहिली, गॅलरी पाहिली, म्हणाले, “मला पसंत आहे. फार शांत आहे हो.” मी तोंड उघडणार, इतक्यात फळ्यांच्या फटीतून भावजींचा खणखणीत आवाज आला.

“शांत नाही! सगळं ऐकू येतं! धाकटे, तू सांगितलंस का त्यांना?”

शिक्षक हसले, नमस्कार करून गेले. मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. म्हटलं, “भावजी, तुम्हाला इथे राहायचंय की नाही? मी कोणासाठी मरमर करतेय?”

ते खाली मान घालून बसले. मग म्हणाले, “अगं, लोक मला सांगतात, गालावरचा तीळ पुसून द्या. मी देत नाही. तीळ पुसलेला फोटो घेऊन माणूस गेला, की तिकडे पासपोर्टच्या कचेरीत खिडकीवरचा साहेब म्हणतो, हा तू नव्हेस. आणि परत पाठवतो. इतक्या लांबून.”

“खोलीला कोण परत पाठवणार आहे?”

“तो माणूस जाईल ना परत. सामान घेऊन.”

मला इतका संताप आला की मी तिथेच फोन काढला. म्हटलं, “तीळ दाखवायचाय ना? घ्या.” आणि जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलं: ‘जमीन फळ्यांची आहे. खालचं वर ऐकू येतं आणि वरचं खाली. खाली फोटोवाले राहतात, ते दिवसभर बोलतात, शिंकतात आणि कोणाचं ऐकत नाहीत.’ त्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं हात जोडतील, काढून टाक म्हणतील. ते म्हणाले, “झकास. आता बरोबर आलं.”

फोन पुन्हा थंडावले. मी मनातल्या मनात भावजींचं सामान बांधायला घेतलं. त्यांचं ते स्टूल भाचीच्या गुळगुळीत घरात कुठे ठेवणार, हाही विचार करून झाला, आणि एकदा भाजी चिरता चिरता मला रडूही आलं. कांदा नव्हता.

आणि मग एका बाईचा फोन आला.

“जाहिरातीत लिहिलंय ते खरं आहे का?”

“कुठलं?” मी वैतागून विचारलं.

“ऐकू येतं ते.”

“खरं आहे. तुम्हाला नको असेल तर—”

“नाही नाही. किती ऐकू येतं?”

असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, या आणि बघा.

बाई पन्नाशीच्या आसपासच्या. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासायच्या. मी त्यांना मनात चष्मेवाली नाव ठेवलं. वर गेल्यावर त्यांनी खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. फळ्यांवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, “त्यांना सांगा, रोज जे करतात ते करा.”

मी जिन्याच्या मध्यावर उभी राहून निरोप दिला. भावजींची पंचाईत झाली. गिऱ्हाईक नव्हतं. रोज काय करतो हे असं अचानक विचारलं तर कोणाला सुचतं? थोडा वेळ नुसत्या त्यांच्या चपला वाजल्या. मग ते रिकाम्या स्टुलाला म्हणाले, “हनुवटी वर. जरा खाली. हं. हलू नका.”

वर बाई खळखळून हसल्या. खाली भावजी म्हणाले, “हसू नका, फोटो हलेल.” बाई अजून हसल्या. मी मधल्या पायरीवर उभी, आणि मला काही म्हणजे काही कळेना की इथे काय चाललंय.

“मी आत्ता राहते ती जागा नवी आहे,” त्या मला म्हणाल्या. “वरचा मजला, जाड भिंती, दार लावलं की चिडीचूप. मागे मला ताप आला होता. उठवेना. बरी होऊन कामावर गेले तेव्हा सगळे म्हणाले, काय, रजा कशी गेली? मी रोज नवीन जाहिराती बघते. सगळीकडे लिहिलेलं असतं, शांत, निवांत. म्हणून तुमची वाचली आणि लगेच फोन केला.”

भाडं किती तेही त्यांनी जाताना विचारलं. आम्ही वाढवलं होतं की उतरवलं होतं हे मला आठवेना, म्हणून फोन काढून बघावं लागलं.

चष्मेवाली राहायला आली, सुट्ट्या लागल्या, भाची आली. मला वाटलं आता शाबासकी मिळेल. ती जाहिरात वाचून म्हणाली, “मावशी, हे तू लिहिलंस?” मग वर जाऊन आली, बाईंशी बोलली, खाली आली, तरी कपाळावरची आठी तशीच. “बाई चांगल्या आहेत गं. पण त्या दिवसभर दुकानात. बाबा दिवसा पडले तर?” भावजींकडे वळून म्हणाली, “आणि जिना अजिबात चढायचा नाही. एक पायरीसुद्धा नाही. दुकानाचं मी ठरवते, बघू.” ‘बघू’ म्हणून ती परत गेली. म्हणजे एवढं करून खोली लागली आणि प्रश्न होता तिथेच. मी हात टेकले.

एका सकाळी माझा फोन वाजला. भावजी कुजबुजत होते.

“धाकटे, डॉक्टरांना घेऊन ये. वर ये लवकर.”

“तुम्ही वर कशाला गेलात?”

“आज नळ वाजला नाही. पावलंही नाहीत. मला राहवेना.”

मी डॉक्टरांना घेऊन पोचले. स्टुडिओत दिवे लागलेले, आणि स्टुलावर एक गृहस्थ हनुवटी वर करून लाकडासारखे बसलेले.

“ते कुठायत?” मी विचारलं.

“वर गेले,” ओठ न हलवता ते म्हणाले. “मला हलू नका म्हणाले.”

वर चष्मेवाली तापाने फणफणलेली. भावजी तिच्या पायाशी बसून ओल्या पट्टीच्या घड्या घालत होते, फोटो कापतात तशा अगदी काटकोनात. डॉक्टरांनी औषध दिलं, दोन दिवस पडून राहा म्हणाले. मी भावजींचा दंड धरून त्यांना सावकाश खाली आणलं, स्टुलावरच्या गृहस्थांना मोकळं केलं, आणि तेवढ्यात भाचीचा रोजचा फोन आला. भावजींना खोटं बोलता येत नाही. त्यांनी सगळं सांगितलं, जिन्यासकट.

“बाबा, तुम्ही जिना चढलात?” तिचा आवाज मला लांबूनही ऐकू आला. “मला काही कळतच नाही. त्या तुमच्याकडे लक्ष देणार होत्या ना? मग तुम्ही त्यांच्याकडे का? भाडेकरू नक्की कशासाठी ठेवलाय आपण?”

“मलाही नीट कळलं नाही गं,” भावजी म्हणाले. “आवाज आला नाही, एवढंच कळलं.”

मी पुढे होऊन फोन स्पीकरवर टाकला. भाची हळू म्हणाली, “आमच्याकडे तर बाबा, शेजारच्या खोलीतलंही ऐकू येत नाही. सकाळी दार ओढून घेतलं की आम्ही सगळे संध्याकाळीच येतो.”

तेवढ्यात वर फळ्या करकरल्या, आणि चष्मेवालीला खोकल्याची मोठी उबळ आली. भावजींनी छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि हातातल्या फोनकडे.

“हे मला इथे ऐकू आलं,” भाची म्हणाली. “त्यांना पाणी हवं असेल.”

“मावशी जाईल,” भावजी म्हणाले.

“तुम्हीच जा बाबा,” ती म्हणाली. “कठडा धरून जा. आणि फोन ठेवू नका, वर पोचेपर्यंत मी ऐकतेय.”